पिकअपला विंच बसवायचाय? पाउंडचा आकडा बघायच्या आधी चासी आणि वायर बघा

विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढायला पुढं बसवतात ते मोटरवालं यंत्र, घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, किती पाउंडचा घेऊ. प्रश्न चुकीचा नाहीये, पण मी बरीच वर्षं पिकअपला विंच बसवतोय आणि दुसऱ्यांनी बसवलेले उघडून दुरुस्तही करतोय, त्यात मोटरची ताकद कमी पडली म्हणून अडलेला विंच मी फार क्वचित बघितलाय. बहुतेक वेळा विंच ज्यावर बसतो ती लोखंडी प्लेट वाकलेली असते, बोल्ट ढिले झालेले असतात, वायर बारीक पडलेली असते, नाहीतर अर्थिंग (निगेटिव्ह वायरची जोडणी) रंगावरच घेतलेलं असतं. गाडी चिखलात रुतली की विंच, प्लेट, बोल्ट, चासी, दोर, पट्टा, झाड या सगळ्यांवर एकदमच ओढ येते, आणि यातलं जे काही घाईघाईत बसवलेलं असेल ते तिथंच सुटतं. म्हणून हा लेख थोडा लांबलाय, पण विंच विकत घ्यायच्या आधी एकदा पूर्ण वाचा.

किती ताकदीचा घ्यायचा

नियम सोपा आहे, गाडीचं एकूण भरलेलं वजन गुणिले दीड. रिकाम्या गाडीचं वजन धरू नका. पिकअप कधी रिकामी रुतत नाही, मागं सामान असतं, डिझेलची टाकी भरलेली असते, आत चार माणसं असतात. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तकात एकूण कमाल वजन म्हणजे जीव्हीडब्ल्यू लिहिलेलं असतं, तोच आकडा घ्या. समजा तो ३,००० किलो आहे, तर दीडपट झाले ४,५०० किलो. १०,००० पाउंडचा विंच म्हणजे साधारण ४,५३६ किलो, म्हणजे कसाबसा पास. गाडी नेहमी भरून चालत असेल तर १२,००० पाउंडचा घ्या, तो ५,४४३ किलोचा होतो. आणि पाउंड-किलोचा घोळ करू नका, १२,००० म्हणजे बारा टन समजणारे लोक मला खरंच भेटलेत.

आता दीडपटच का, ते पण समजून घ्या म्हणजे आकडा डोक्यात बसेल. गाडी चढावर असेल तर गुरुत्वाकर्षण तिला मागं ओढतं, ३० अंशाच्या चढावर ही ओढ गाडीच्या वजनाच्या बरोब्बर निम्मी असते. त्यात चाकं हबपर्यंत चिखलात गेली असतील तर नुसता चिखलच साधारण गाडीच्या वजनाइतका विरोध करतो, आणि चिखल चाकाच्या वर बॉडीच्या कडेपर्यंत आला तर दुप्पट धरायचा. हे आकडे अंदाजाचे आहेत, प्रत्येक चिखल वेगळा असतो, पण निम्मी ओढ चढाची आणि एक पट चिखलाची मिळून दीड होते की नाही बघा. म्हणजे दीडपट म्हणजे काही चैन नाही, ती कामापुरती गरज आहे, आणि त्याहून वाईट रुतलात तर कप्पी लावून ताकद दुप्पट करायची असते, त्याच्याबद्दल पुढं येतंच.

खोक्यावरचा आकडा कुठल्या थराचा आहे?

ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. खोक्यावर लिहिलेली ताकद ड्रमवरच्या, म्हणजे दोर गुंडाळतो त्या रिळावरच्या, पहिल्या थराची असते, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर सोडलेला असताना. ड्रमवर जितके थर जास्त तितका ड्रम जाड होतो, आणि मोटर तेवढाच पीळ देत असल्यामुळं ओढ कमी होत जाते.

हिशोबच करून बघू. ड्रमचा व्यास ६४ मिलिमीटर, लांबी २३० मिलिमीटर आणि तार ९.५ मिलिमीटरची धरा, या साइजच्या विंचला असंच काहीतरी असतं. पहिल्या थरात २४ वेढे बसतात आणि त्यात मावते फक्त साडेपाच मीटर तार. दुसऱ्या थरात सात मीटर, तिसऱ्यात साडेआठ मीटरच्या आसपास, आणि २८ मीटरची तार असेल तर उरलेली सगळी चौथ्या थरात. आता ताकद बघा, पहिल्या थरावर ४,५०० किलो ओढणारा विंच दुसऱ्यावर साधारण ३,५५० वर येतो, तिसऱ्यावर ३,००० च्या जवळ, आणि चौथ्यावर जेमतेम अडीच हजार. म्हणजे झाड अगदी समोर पाच मीटरवर आहे म्हणून खूष होऊन तार तिथंच लावली तर तुमचा दहा हजारी विंच साडेपाच हजारी झाला. लांबचं झाड घ्या, नाहीतर कप्पीतून तार फिरवून परत गाडीकडं आणा म्हणजे तारही जास्त बाहेर जाते आणि ओढही दुप्पट होते.

मग सरळ सगळ्यात मोठाच का घेऊ नये? कारण मोठा विंच जड असतो, जास्त करंट खातो आणि त्याला जाड प्लेट लागते. साधा हिशोब, विंच ४० किलो आणि प्लेट-बंपर ४० किलो, असे ८० किलो पुढच्या अॅक्सलच्या ९० सेंटिमीटर पुढं बसले आणि व्हीलबेस ३.१ मीटर असेल, तर पुढच्या अॅक्सलवर ८० नाही तर १०३ किलो वाढतात आणि मागचा अॅक्सल २३ किलोनं हलका होतो. पुढची स्प्रिंग बसते, हेडलाइटचा झोत खाली येतो, स्टिअरिंगचा फील बदलतो. पुढच्या स्प्रिंग आधीच बसलेल्या असतील तर त्यांचं काम आधी करा.

मोटर, गिअर, ब्रेक

मोटर दोन प्रकारच्या येतात, सिरीज वाउंड आणि परमनंट मॅग्नेट. मॅग्नेटवाली करंट कमी खाते, हलक्या कामाला बरी आहे, पण सलग ओढलं की लवकर तापते. पिकअपला आणि जड कामाला सिरीज वाउंडच घ्या, यात मला तरी दुसरं मत नाही. गिअर बहुतेक सगळ्या विंचना प्लॅनेटरी येतात, छोटे आणि मजबूत. गिअर रेशो २६५ ला १ सारखा मोठा असेल तर विंच हळू पण कमी करंटमध्ये ओढतो, १५६ ला १ सारखा असेल तर भरभर ओढतो आणि मोटर तेवढी मोठी लागते. रुतलेली गाडी काढायला घाई नसते, हळू चालेल.

ब्रेक कुठं आहे ते मात्र विचारा. काही विंचमध्ये तो ड्रमच्या आत असतो, आणि दोरावर वजन ठेवून दोर सोडायला लागलं की, म्हणजे गाडी उतारावर हळूहळू खाली सोडताना, हा ब्रेक चांगलाच तापतो आणि ती सगळी उष्णता ड्रमवरच्या पहिल्या थराला लागते. स्टीलच्या तारेला त्याचं काही वाटत नाही, सिंथेटिक दोर मात्र खराब होतो. सिंथेटिक लावायचा असेल तर ब्रेक ड्रमच्या बाहेर असलेला विंच बघा, किंवा निदान पहिल्या थराला उष्णता सोसणारं आवरण असलेला दोर घ्या.

पाण्याचं सील पण बघा. नाल्यातून गाडी घालत असाल तर आयपी ६७ किंवा ६८ (पाण्यात बुडाला तरी चालेल असं मानांकन) लिहिलेला विंच घ्या. रिमोट वायरवाला आणि बिनवायरचा दोन्ही असलेले बरे, बिनवायरच्या रिमोटचा सेल नेमका हवा तेव्हाच संपतो.

स्टीलची तार की सिंथेटिक दोर

दोन्ही वापरलेत. तार दगडावर घासली तरी चालते, उन्हानं खराब होत नाही, काळजी कमी लागते. पण ती जड आहे, २८ मीटरची तार दहा किलोच्या घरात जाते, आणि वापरून वापरून तिचे बारीक तंतू तुटून काट्यासारखे वर येतात, ते हातात घुसले की आठवडाभर आठवण राहते. आणि तार तुटली तर तिच्यात साठलेला ताण एका झटक्यात सुटतो. सिंथेटिक दोर तेवढ्याच लांबीचा दीड-दोन किलो भरतो, पाण्यावर तरंगतो, हाताळायला सोपा, आणि तुटला तर तारेइतका झटका मारत नाही, तरी त्याच्या रेषेत उभं राहायचं नाही ते नाहीच. त्याचे शत्रू तीन, ऊन, वाळू आणि धारदार कडा. माझी पसंती सिंथेटिकला आहे, पण ज्यांची गाडी वर्षभर उघड्यावर धुळीत उभी असते आणि विंच दोन वर्षांत एकदा लागतो त्यांनी तार घ्यावी.

पुढच्या तोंडाला जो फेअरलीड, म्हणजे दोर ड्रमवर सरळ आत घेणारी चौकट, लागतो तो याच्यावर ठरतो. तारेला रोलरवाला, सिंथेटिकला अॅल्युमिनियमचा गुळगुळीत हॉझ, म्हणजे बिनरोलरची गोल कडांची फट. जुन्या तारेनं चरे पाडलेल्या फेअरलीडमधून सिंथेटिक दोर घालू नका, ते चरे दोर कातरतात.

बसवायच्या आधीची मापं

मापं घेतल्याशिवाय एकही बोल्ट उघडू नका. ८,००० ते १२,००० पाउंडच्या बऱ्याच विंचच्या पायाची चार भोकं २५४ बाय ११४.३ मिलिमीटरवर असतात, आणि प्लेटही याच मापाची मिळते, पण तुमच्या विंचच्या पुस्तकातलं चित्र आणि प्लेट दोन्हीवर टेप लावून खात्री करा. मग बघा की विंच बसल्यावर मागं रेडिएटर, इंटरकूलर यांना किती जागा राहते, विंचच्या क्लचच्या दांड्याला (ड्रम मोकळा करायचा दांडा) बंपरमधून हात पोचतो का, नंबर प्लेट कुठं जाणार, पार्किंग सेन्सर किंवा पुढचा रडार झाकला जातोय का.

एअरबॅगचा मुद्दा वेगळा सांगतो कारण त्याच्याकडं दुर्लक्ष होतं. पुढची टक्कर झाली की चासीची पुढची टोकं ठरलेल्या पद्धतीनं चुरगळतात आणि त्या वेगावरून सेन्सर एअरबॅग उघडायची की नाही ते ठरवतो. तिथं जाड लोखंडी प्लेट आडवी घातली की तो हिशोब बदलतो. त्यामुळं तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेली, एअरबॅगशी जुळणारी म्हणून सांगितलेली प्लेट किंवा बंपरच घ्या. नाक्यावरच्या वेल्डरकडून अँगल जोडून बनवलेली प्लेट ताकदीला कदाचित चालेलही, टक्करीत ती कशी वागेल ते कोणालाच माहीत नसतं.

पायरी पहिली: प्लेट चासीवर

बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. बंपर उतरवा, पार्किंग सेन्सर आणि फॉगलॅम्पचे प्लग ओढून नाही तर लॉक दाबून काढा, एक क्लिप तुटली तरी नंतर खडखड करते.

प्लेट चासीच्या दोन्ही लांब पट्ट्यांना बोल्टनंच पकडली पाहिजे. गाडीच्या मूळ बंपरच्या पातळ पत्र्याला किंवा रेडिएटरच्या चौकटीला नाही. आणि चासीला वेल्डिंग नको, उष्णतेनं तिथलं स्टील बदलतं, शिवाय वेल्डिंगच्या करंटनं गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जाऊ शकतात. प्लेट चासीला जिथं टेकते तिथं चिखल, डांबर, गंजाचा पापुद्रा साफ करा. भोक पाडावं लागलंच तर कडा कानसनं मोडा आणि उघड्या लोखंडावर गंजरोधक प्रायमर मारा.

सगळे बोल्ट आधी हातानं लावून घ्या, एकही पान्यानं आवळू नका. प्लेट डावी-उजवीकडं मापून मध्यावर आणा, पुढून उभं राहून बोनेटच्या रेषेशी समांतर आहे का बघा, आणि मग आलटून पालटून, कर्णाच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं आवळा. टॉर्क किती ते प्लेटच्या कागदावर असतं, तेच द्या.

पायरी दुसरी: विंच प्लेटवर

४० किलोचं धूड आहे, एकट्यानं उचलून भोकं जुळवायच्या भानगडीत पडू नका, बोट सापडलं की गेलं. दोघं जण लागा किंवा खालून जॅकवर लाकडाची फळी ठेवून वर घ्या. बऱ्याच विंचच्या पायात चौकोनी नट सरकवायच्या खाचा असतात, त्यात नट बसवून पडू नयेत म्हणून थोडं ग्रीस लावून चिकटवा, हे केलं नाही तर अर्धा तास नटच शोधण्यात जातो.

बोल्ट विंचबरोबर आलेलेच वापरा, आणि ते नसतील तर ८.८ ग्रेडच्या खाली जाऊ नका, बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं. लांबी हा इथला खरा मुद्दा आहे. बोल्ट आखूड असेल तर नटाचे सगळे आटे पकडत नाहीत आणि ओढीला आटे सोलून बोल्ट बाहेर येतो. लांब असेल तर तो आत तळाला टेकतो, पान्याला घट्ट लागतो, तुम्हाला वाटतं आवळला, पण विंच आणि प्लेटच्या मध्ये पकडच नसते. जाड प्लेट, वॉशर आणि फेअरलीडची पट्टी असं सगळं धरून मोजा, आणि विंच बसवायच्या आधी बोल्ट नुसत्या नटात घालून किती आत जातो ते बघा. एम १० च्या ८.८ ग्रेडच्या बोल्टला साधारण ४५ न्यूटन मीटर टॉर्क येतो, पुस्तकात वेगळा दिला असेल तर पुस्तकातलाच खरा. चारही बोल्ट लागलेच पाहिजेत, तीन चालतील असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

क्लचचा दांडा प्लेटमध्ये अडकत असेल तर बऱ्याच विंचमध्ये गिअरबॉक्सचे स्क्रू काढून तो फिरवता येतो. हे काम विंच टेबलावर असतानाच करा, गिअरबॉक्स बाहेर ओढू नका, जागच्या जागी फिरवा, नाहीतर आतले गिअर आणि गॅस्केट हलतात.

पायरी तिसरी: वायरिंग, इथं वेळ द्या

१२ व्होल्टचा १०-१२ हजार पाउंडचा विंच पूर्ण ओढीला ४०० अँपिअरच्या आसपास करंट घेतो. स्टार्टर मोटर पण शेकड्यांत घेते पण काही सेकंदच, विंच मात्र मिनिटभर घेत राहतो. अल्टरनेटर त्यातले फार तर शंभर देईल, उरलेले ३०० बॅटरीतून जाणार, म्हणजे दोन मिनिटांत १० अँपिअर-अवर गेले. त्यामुळं इंजिन चालू ठेवूनच विंच वापरायचा, आणि बॅटरीची कोल्ड क्रँकिंग क्षमता (थंडीत इंजिन फिरवायला एकदम करंट द्यायची ताकद) निदान ६५० अँपिअर तरी हवी. जुनी, सकाळी कुंथत इंजिन सुरू करणारी बॅटरी असेल तर आधी ती बदला.

वायर किती जाड? तांब्याची ३५ चौरस मिलिमीटरची वायर, जायची दोन मीटर आणि यायची दोन मीटर, अशी चार मीटर धरली तर ४०० अँपिअरला ०.८ व्होल्ट वायरीतच जातात. २५ ची वापरली तर १.१ व्होल्ट. ५० ची वापरली तर साधारण ०.५६. बॅटरी बोनेटखाली पुढंच असेल तर ३५ ठीक आहे, बॅटरी लांब असेल किंवा विंच मोठा असेल तर ५० घ्या. तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर दिसायला जाड आणि स्वस्त असते पण करंटला कमी पडते, टोक कापून आत पांढरट दिसलं तर परत करा.

लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं भोकवालं टर्मिनल, हायड्रॉलिक क्रिंपरनंच दाबा. हातोड्यानं ठोकून किंवा नुसतं सोल्डर ओतून नाही. का ते सांगतो, एका लगला ०.००१ ओहम इतका फालतू वाटणारा रोध राहिला तरी ४०० अँपिअरला तिथं १६० वॅट उष्णता तयार होते, म्हणजे चार-पाच सोल्डरिंग आयर्न एकाच जागी टेकवल्यासारखं. सोल्डर केलेलं असेल तर ते वितळून वायर निघून येते. क्रिंप झाला की गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा म्हणजे पाणी आत जाणार नाही.

एकदा माझ्याकडं एक पिकअप आली होती, विंच दुसरीकडं बसवलेला, मालकाची तक्रार अशी की विंच दमतो, कंपनीचाच माल खराब दिसतो. मी गाडी एका जाड झाडाला बांधली, हँडब्रेक लावून ओढ दिली आणि मल्टिमीटर लावला. बॅटरीच्या खांबांवर ११.८ व्होल्ट, विंचच्या टर्मिनलवर ९.६. मध्ये २.२ व्होल्ट कुठं जातात? मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी विंचच्या निगेटिव्हवर ठेवली तर दीड व्होल्ट तिथंच दिसले. अर्थची वायर हेडलाइटच्या शेजारच्या रंगवलेल्या ब्रॅकेटला एका छोट्या बोल्टनं पकडली होती, बोल्टाभोवतीचा रंग जळून तपकिरी कडं पडलं होतं. ती वायर काढून ३५ ची नवी वायर थेट बॅटरीपर्यंत नेली, पुन्हा मोजलं, एकूण फरक ०.८ व्होल्टवर आला आणि तोच विंच माणसात आला. तुमचा विंच दमत असेल तर नवीन मोटर बघायच्या आधी हे दोन मिनिटांचं मोजमाप करा.

तर निगेटिव्ह वायर थेट बॅटरीपर्यंत न्या, पॉझिटिव्ह इतकीच जाड. एक अपवाद, नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्हवर करंट मोजणारा छोटा सेन्सर असतो, तिथं जादाची वायर कुठं जोडायची ते गाडीच्या पुस्तकात बघा, बऱ्याचदा त्यासाठी चासीवर वेगळा खांब दिलेला असतो.

पॉझिटिव्हमध्ये बॅटरीच्या जवळ मोठा आयसोलेटर स्विच टाका, विंचच्या करंटला झेपेल असाच, आणि विंच वापरत नसाल तेव्हा तो बंद. काँटॅक्टर, म्हणजे विंचचा करंट चालू-बंद करणारा मोठा रिले, चिकटला आणि विंच आपोआप ओढत सुटला तर तोडायला हाच स्विच असतो, म्हणून तो बोनेट उघडल्याबरोबर हाताला लागेल असा बसवा. आणि टक्करीत पुढचा भाग चेपला, वायर दबली तर आग लागू नये म्हणूनही तो बंदच ठेवायचा.

वायर एक्झॉस्टपासून, फॅनपासून, इंजिनच्या पट्ट्यापासून लांब न्या. पत्र्यातून जाते तिथं रबरी ग्रोमेट, बाकी लांबीला जाड नळी, दर हातभर अंतरावर क्लिप. टर्मिनलना रबरी टोप्या चढवा. मोटरच्या टर्मिनलवर ए, एफ १, एफ २ असं लिहिलेलं असतं, काँटॅक्टर बॉक्सच्या रंगीत वायरी चित्राप्रमाणेच लावा. त्या खांबांचा नट आवळताना खालचा नट दुसऱ्या पान्यानं धरून ठेवा, नाहीतर अख्खा खांब फिरतो आणि आतली जोडणी तुटते.

पायरी चौथी: दोर भरणं

दोर ड्रमवर कुठल्या बाजूनं चढतो याला फार महत्त्व आहे. बहुतेक विंचमध्ये तो ड्रमच्या खालच्या बाजूनं चढायला हवा, तुमच्या विंचवरचा बाण बघा. उलटा भरला तरी विंच ओढतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण आपोआप लागणारा ब्रेक एकाच दिशेला वजन धरतो आणि उलट्या भरलेल्या दोराला तो धरत नाही. चढावर बटण सोडलं आणि गाडी मागं निघाली की मग कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. रिमोटवर आतचं बटण दाबल्यावर दोर खरंच आत येतोय का तेही आत्ताच तपासा.

नवा दोर नुसता गुंडाळून ठेवू नका, तो ताणाखाली भरायचा. सपाट किंवा अगदी हलक्या चढाची मोकळी जागा घ्या, दोर झाडाला बांधा, ड्रमवर तारेचे निदान ५ आणि सिंथेटिकचे निदान १० वेढे ठेवून बाकी सगळा सोडा, मग गाडीत एकाला बसवून हलका ब्रेक दाबायला सांगा आणि विंचनं गाडी झाडाकडं ओढत आणा. दर मीटर-दोन मीटरला थांबून वेढे शेजारी-शेजारी बसतायत का बघा, हातानं सरळ करायचे असतील तर विंच थांबवूनच. ढिला भरला तर पहिल्या जोराच्या ओढीला वरचा दोर खालच्या थरात घुसतो आणि असा अडकतो की काढायला दुसरी गाडी लागते.

ते ५ आणि १० वेढे नंतर कधीच उलगडायचे नाहीत. दोराचं टोक ड्रमला ज्या छोट्या स्क्रूनं पकडलेलं असतं तो ओढ घेण्यासाठी नसतोच, ओढ त्या वेढ्यांच्या घर्षणावर असते.

पायरी पाचवी: पहिली खरी ओढ

रुतायची वाट बघू नका, मोकळ्या दिवशी सराव करा. चामड्याचे हातमोजे, झाडाला रुंद पट्टा, ४.७५ टनाचे बो शॅकल (पिनवाल्या धनुष्याकृती कड्या), एक कप्पी आणि दोरावर टाकायला जड कापड किंवा डँपर एवढं सामान हवंच. दोर झाडाला वेटोळं घालून स्वतःच्याच हुकात अडकवायचा नाही, दोर तिथं मोडतो आणि झाडाची सालही निघते. टोइंगच्या गोळ्याला तर अजिबात नाही, तो ओढीला तुटून गोळीसारखा सुटतो. झटका देणारा ताणणारा पट्टा विंचबरोबर वापरू नका. हुक धरताना त्याला बांधलेली छोटी पट्टी धरा, बोट हुकात घालू नका, आणि फेअरलीडच्या हातभर जवळ हात नेऊ नका.

कप्पी लावली की ओढ जवळजवळ दुप्पट आणि वेग निम्मा. पण झाडाच्या पट्ट्यावर आणि शॅकलवर पण दुप्पट ओढ येते हे विसरलं जातं. दोराचं टोक परत गाडीला बांधाल तेव्हा ते चासीवरच्या रिकव्हरी पॉइंटला (गाडी ओढायसाठीच्या जागेला), विंचच्या प्लेटला नाही.

दोर ताठ झाला की थांबा, एकदा सगळीकडं नजर फिरवा, आणि सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब पाठवा. मग ओढा, जास्तीत जास्त मिनिटभर, आणि थांबून मोटरला हात लावून बघा, हात टेकवत नसेल तर ती गार होईपर्यंत थांबायचं. शक्य तेवढी सरळ रेषेत ओढ घ्या, तिरकं ओढलं की दोर ड्रमच्या एकाच बाजूला ढीग करतो. विंचनं माणूस किंवा ओझं वर उचलायचं नाही, त्याचा ब्रेक त्यासाठी बनवलेलाच नसतो.

त्यानंतरची देखभाल

पहिल्या खऱ्या ओढीनंतर घरी आलात की चासीचे आणि विंचचे सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं परत तपासा, नवी प्लेट पहिल्या ओढीला बसते आणि बोल्ट थोडे सैल होतात. आवळून झाले की प्रत्येक बोल्टावर आणि प्लेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा, पुढं कधीही नुसतं वाकून बघितलं की कुठला हलला ते दिसतं. हेडलाइटचा झोत भिंतीवर परत जुळवा, आणि पहिल्या लांब चढावर तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा, कारण रेडिएटरपुढं आता विंच आहे.

महिन्यातून एकदा विंच दोन-चार मीटर आत-बाहेर फिरवा, नुसता उभा राहिलेला विंच आत ओल धरतो आणि मोटर आतून गंजते. चिखलातून आलात की सिंथेटिक दोर पूर्ण सोडून साध्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवूनच परत भरा, पुन्हा ताणाखाली. तारेवर बोटानं नाही तर जुन्या फडक्यानं हात फिरवा, फडकं कुठं अडकलं तर तिथं तंतू तुटलेत, आणि एकाच जागी बरेच तंतू तुटले असतील किंवा तारेला गुडघ्यासारखी घडी पडली असेल तर ती सरळ करून वापरू नका, बदलून टाका.